आंबोली उतरल्यावर गप्प झालेले दोन फोन

मालवणला जायचं ठरलं ते सदाच्या रक्ताच्या रिपोर्टवरून. बारा वर्षं इन्शुलिनवर असलेल्या माणसाचा रिपोर्ट पहिल्यांदाच बरा आला. डॉक्टरांनी पाठ थोपटली. सदाने दवाखान्याच्या पायरीवरूनच मला फोन केला आणि म्हणाला, "आता बांगडा खायला जायचं. बसून बोलू नकोस, तारीख सांग."

सदा आणि मी कोल्हापुरात एकाच गल्लीत वाढलो. तो शाळेत चित्रकला शिकवतो, मी एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात आहे. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. त्याच्याकडे स्कूटर, माझ्याकडे जुनी दीडशे सीसीची मोटरसायकल. एका गाडीवर दोघं जात नाही, कारण तो दर दोन किलोमीटरला फोटो काढायला थांबतो आणि मला थांबायचा कंटाळा आहे. त्यावर आमचा फार जुना तोडगा आहे. पुढे असेल त्याने फाट्यावर थांबायचं, मागचा दिसला की मगच वळायचं. फोन आल्यापासून तो नियम ढिला पडला होता. तसं आम्ही कधी बोलून ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं.

ऑक्टोबरातला शुक्रवार, पहाटे सहाला निघालो. निपाणीहून आजरा आणि पुढे आंबोली असा रस्ता घेतला. रस्ता बराचसा नवा झालाय, पण आजऱ्याच्या पुढे मधेच काम चालू असलेले तुकडे लागतात, तिथे दुचाकीने सांभाळून जावं. साडेनऊला आंबोली. नाश्त्याला मिसळ आणि चहा, दोघांचे एकशे ऐंशी रुपये. सदाने टेबलाखाली हात घेऊन पोटात सुई टोचली, इन्शुलिनचं पेन टोपण लावून माझ्याकडे दिलं. माझ्या टाकीवरच्या बॅगेला आतून थंड राहणारा कप्पा आहे, म्हणून त्याचं औषध नेहमी माझ्याकडे असतं. मिसळ तेलकट निघाली. त्याने अर्धीच खाल्ली आणि बशी सरकवली. म्हणाला, सावंतवाडीत नीट जेवू. मीही हो म्हणालो. सुई टोचून घेतल्यावर अर्धं खाऊन उठायचं नसतं हे मला माहीत होतं, इतक्या वर्षांत त्याच्याकडूनच कळलेलं. पण त्या वेळी बोललो नाही.

ऑक्टोबरात आंबोलीचा धबधबा बारीक झालेला असतो, तरी गर्दी होती. कणसं, भजी, गाड्यांच्या रांगा. धुकं मात्र पावसाळ्यासारखंच. घाटात उतरायला लागलो तेव्हा दहा-पंधरा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. दोन वळणांनंतर सदाचा दिवा आरशातून नाहीसा झाला. म्हणजे तो थांबला, फोटो काढायला. मी हळूहळू उतरत राहिलो.

घाट संपतो तिथे दाणोली आहे. छोटं गाव, चहाची दोन दुकानं आणि एक फाटा. सरळ रस्ता सावंतवाडीला जातो, डावीकडचा बांद्याला. बांदा म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचं बाजाराचं गाव, पुढे गोव्याची हद्द. मी फाट्यावर गाडी उभी केली, हेल्मेट काढून चष्मा पुसला, समोरच्या डोंगरावर अडकलेल्या ढगाचा एक फोटो घेतला. थांबायला हवं होतं. पण चड्डीपर्यंत ओल गेली होती, भूक लागली होती, आणि फोन आहेच की असं मनात येऊन मी किक मारली.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाला गाडी लावून सदाला फोन करायला गेलो तर पडद्यावर वर बारीक अक्षरात 'सेवा नाही'. घाटात रेंज जाते हे सगळ्यांनाच माहीत आहे. इथे येईल म्हणून तळ्याला एक फेरी मारली. नाही आली. साडेबारापर्यंत काठावर बसून राहिलो. तळ्याकाठी बसायला छान जागा आहे, समोर राजवाड्याची कमान दिसते. एरवी तासभर सहज जातो.

मग समोरच्या खानावळीत गेलो. मालकिणीला विचारून तिच्या फोनवरून सदाला लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. माझ्या फोनला रेंज का नाही म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "तुमचो कार्ड कोणाचो?" मी कंपनी सांगितली. "माझो दुसरो आसा. तुमच्याचो हंय टॉवर नसतलो," असं ती अगदी सहज म्हणाली आणि मलाही ते सहज पटलं. कोकणात आपल्या कंपनीला रेंज नाही, त्यामुळे माझा लागत नाही आणि सदाचाही लागत नाही. दोघांचं कार्ड एकाच कंपनीचं होतं. या समजुतीत मी पुढचे चार तास काढले. त्या चार तासांत माझ्या फोनवरून एकदाही लावून बघितलं नाही.

पाऊण वाजला तरी तो आला नाही, तेव्हा मी जेवण न घेता परत दाणोलीला निघालो. डोक्यात हिशेब सुरू झाला होता. साडेनऊची सुई, अर्धी मिसळ, त्यानंतर पोटात काही नाही. अशा वेळी साखर खाली येते. हात कापतात, घाम फुटतो, मग माणसाला आपण काय करतोय ते कळेनासं होतं. घरात असेल तर कोणीतरी साखर भरवतं. तो घाटात होता, स्कूटरवर, धुक्यात. आणि त्याचं औषध माझ्या बॅगेत.

दाणोलीच्या फाट्यावरच्या चहाच्या दुकानात साठीच्या एक बाई होत्या. मी विचारलं, निळ्या स्कूटरवरचा, पांढऱ्या दाढीचा माणूस बघितला का.

"सकाळधरसून शंभर गाडये गेले," त्या म्हणाल्या. "माझ्या दुकानात तसो कोण इलो नाय. तुमचो कोण तो?"

"मित्र. घाटात मागे राहिला."

"फोन लावा मगे."

"माझ्या फोनला रेंज नाही."

त्यांनी आपला फोन पुढे केला. मी सदाला लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. मग मी थोडा वेळ तो फोन हातात धरून उभा राहिलो. सदाने कुठून तरी घरी फोन केला असेल तर मंगलवहिनींना माहीत असणार. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होताच. तो बघून लावला. विचारायचं ते सरळ विचारायचं असं ठरवून लावला होता.

वहिनींनी पहिल्याच घंटीला उचलला.

"वहिनी, विलास बोलतोय. दुसऱ्याच्या फोनवरून."

"पोचलात का भावजी?"

त्यांच्या आवाजावरूनच कळलं, सदाचा फोन घरी गेलेला नाही. म्हणजे माझ्याकडे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. फक्त सांगण्यासारखं होतं.

"हो, सावंतवाडीत आहे. तळ्याकाठी. जेवायला बसतोय."

"आणि हे?"

"आहे की. हात धुवायला गेलाय."

"द्या जरा त्यांना."

"आला की करायला सांगतो. हा दुसऱ्याचा फोन आहे, जास्त वेळ धरता येत नाही."

मग "बरं" म्हणाल्या.

मी फोन परत दिला. चहावाल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी सावंतवाडीत नव्हतो आणि जेवायलाही बसत नव्हतो, हे त्यांनी ऐकलं होतं. "बसा, च्या घेवा," एवढंच म्हणाल्या. मी चहा न घेताच घाटाकडे निघालो.

वर जाताना प्रत्येक वळणावर थांबलो. कठड्यावरून खाली बघायचं, पुढच्या वळणावर जायचं, परत बघायचं. धुकं आता विरळ झालं होतं, त्यामुळे दरी तळापर्यंत दिसत होती. सकाळी दिसत नव्हती ते बरं होतं. एका ठिकाणी कठडा तुटलेला होता. तिथे मी उतरून गवतात चाकांच्या खुणा शोधल्या. खाली निळं काहीतरी दिसलं. मग कळलं, प्लॅस्टिकचा कागद होता. वरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने माझ्याजवळ गाडी हळू केली आणि खिडकीतून विचारलं, "खंय पडलो काय कोण?" मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी वरसून इलंय. रस्त्यार काय दिसला नाय. दवाखान्यात जावन बघा."

धबधब्यापर्यंत गेलो. तिथल्या भजीवाल्याला विचारलं, कणीसवाल्यांना विचारलं. परत खाली आलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. दाणोलीला थांबलो नाही, त्या बाईंना तोंड दाखवायचं नव्हतं. तिथे थांबलो असतो तर पुढचं जरा आधी कळलं असतं.

सावंतवाडीच्या सरकारी दवाखान्यात खिडकीवर एक सिस्टर होत्या. त्यांनी वही बघितली आणि कार्यालयातल्या शुद्ध मराठीत सांगितलं, "आज अपघाताची एकच केस आहे. बाई आहेत, झाडावरून पडल्या." मी आभार मानून बाकावर बसलो. शेजारी एक गृहस्थ बसले होते, बायकोला तपासायला आणलेले, दोडामार्गाकडचे काजूचे बागायतदार. त्यांच्या हातातल्या फोनवर व्हिडिओ चालू होता. मी सहज विचारलं, तुमचं कार्ड कुठल्या कंपनीचं.

त्यांनी सांगितलं ते माझ्याच कंपनीचं होतं.

"तुम्हाला इथे रेंज आहे?"

"फुल्ल आसा." त्यांनी फोन वळवून दाखवला. "तुमका नाय?"

मी माझा दाखवला. 'सेवा नाही.'

"घाटात रेंज गेली ना, मगे सोदून सोदून दमता तो. खाली इलो तरी परत धरणा नाय. एकदा बंद करा नि चालू करा."

केलं. एखादं मिनिट गेलं. वर पट्ट्या आल्या, एक, तीन, चार. मग फोन थरथरायला लागला आणि थांबेना.

पहिले आले ते अनोळखी नंबरवरून आलेले चार कॉल चुकल्याचे निरोप, पहिला बारा चाळीसचा. त्याच नंबरवरून एक संदेश: 'बांद्यात मेडिकलसमोर बसलोय. तू ये. सदा.' हा बारा पन्नासचा. म्हणजे मी तळ्याकाठून दाणोलीला निघालो त्याच सुमाराला हा संदेश माझ्या नावाने निघाला होता.

त्याखाली वहिनींचे अकरा कॉल. आणि तीन संदेश.

'भावजी, हे कुठे आहेत?'

'मी त्या नंबरवर परत फोन केला. बाईंनी सगळं सांगितलं. खरं सांगा.'

'अडीचच्या सावंतवाडी गाडीने निघाले.'

मी लगेच वहिनींना लावला. बाकावरच्या गृहस्थांनाही ऐकू गेलं, संपर्क क्षेत्राबाहेर. पाच वाजायला आले होते. गाडी आजऱ्याच्या पुढे, आंबोलीच्या जंगलात असणार. सदा जिवंत आहे आणि एका दुकानासमोर बसलाय, हे सांगण्यासाठी मी दहा वेळा तरी लावला असेल.

बांदा सावंतवाडीपासून हायवेने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. औषधाचं दुकान बाजारपेठेतच होतं. सदा बाहेरच्या बाकावर बसून कागदावर समोरच्या घराचं छप्पर काढत होता. मला बघून त्याने पेन्सिल खिशात ठेवली.

"किती वेळ लावलास," तो म्हणाला.

दाणोलीच्या फाट्यावर मी दिसलो नाही, म्हणून सावंतवाडी हायवेवरच लागेल असं धरून त्याने एका माणसाला हायवे कुठे म्हणून विचारलं. त्या माणसाने डावीकडे हात केला. बांद्यात पोचेपर्यंत त्याचे हात कापायला लागले होते, घामाने शर्ट भिजला होता. समोर औषधाचं दुकान दिसलं म्हणून तिथेच गाडी टाकली. दुकानदारांनी ग्लुकोज पाण्यात घालून पाजलं, बसवलं, मला लावायला स्वतःचा फोन दिला. सदाच्या फोनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता, तो बघून जेवणाआधीचं इन्शुलिन दिलं. दुपारी दुकान बंद करताना त्याला घरी नेऊन जेवायला घातलं. जेवणात सोलकढी होती, हे सदाने मला दोनदा सांगितलं.

"तुमी इलास बरा झाला," दुकानदार म्हणाले. "हे म्हणत होते, मी हंयसून हलणार नाय. दोघव एकमेकांक सोदूक लागलो तर कोणच कोणाक सापडाचो नाय म्हणान."

"घरी का नाही केलास फोन?" मी सदाला विचारलं.

"मंगलला? कशाला? उगाच घाबरली असती."

मी त्याला संदेश दाखवले. त्याने चष्मा वर करून ते वाचले, पुन्हा वाचले. मग स्वतःचा फोन काढला. त्यावर अजून 'सेवा नाही' होतं. दिवसभर तसंच होतं, त्यालाही वाटलं होतं की इकडे टॉवर नाही. मी तो बंद करून चालू केला. त्याला वहिनींचे सव्वीस कॉल येऊन गेले होते.

आम्ही सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिलो. आळीपाळीने वहिनींना फोन लावत होतो. साडेसहाच्या आत गाडी घाट उतरलेली असणार, दाणोलीला आलेली असणार, तरी तेच ऐकू येत होतं. सदा म्हणाला, "तिचापण तसाच झाला असणार." म्हणजे वहिनींना या क्षणापर्यंत माहीत होतं ते एवढंच, की नवरा घाटात हरवलाय आणि मित्र खोटं बोलतोय. तेवढ्यावर त्या चार तास खिडकीशी बसून येत होत्या. त्याच घाटातून.

अंधार पडायच्या जरा आधी गाडी लागली. वहिनी मागच्या बाजूने उतरल्या. अंगावर घरातली साडी, हातात पिशवी, पिशवीत थर्मास. सदा पुढे झाला. त्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, एका हाताने त्याची बाही धरली आणि धरूनच ठेवली. बराच वेळ. मग थर्मास त्याच्या हातात दिला. "बर्फ घालून दुसरं पेन आणलंय. बघा, थंड आहे का."

त्यानंतर माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "जेवलात का भावजी?"

मी दिवसभर जेवलो नव्हतो. तरी हो म्हणालो. का म्हणालो ते सांगता येणार नाही.

रात्री सावंतवाडीतच एका लॉजवर राहिलो. दोन खोल्या, प्रत्येकी नऊशे. सकाळी वहिनी म्हणाल्या, "आता आलेच आहे तर समुद्र बघून जाते." त्या मूळच्या गडहिंग्लजच्या, लग्नाला सत्तावीस वर्षं, आणि समुद्र बघायचा राहूनच गेला होता. हे सदाच्याही लक्षात आलं नव्हतं.

शनिवारी कुडाळवरून मालवण. हायवे उत्तम आहे, कुडाळ सोडल्यावर रस्ता अरुंद होतो पण दोन्ही बाजूंना भातकापणी चालू होती, वेळ कसा गेला कळलं नाही. वहिनी सदाच्या मागे. मी मुद्दाम त्यांच्या मागून चाललो. देवबागच्या आधी तारकर्लीत एका कोळी कुटुंबाकडे घर मिळालं. खोली पंधराशे, माशाचं ताट तीनशे, बांगडा असेल त्या दिवशी बांगडा. किल्ल्यावर जायला जेटीवरून होड्या सुटतात, भाडं माणशी शंभरच्या आसपास. सकाळी लवकर जावं, उन्हात तटावर फिरवत नाही. वहिनी होडीत कडेला बसल्या आणि जाता-येता पाण्यात हात घालून होत्या. किल्ल्यापेक्षा त्यांना होडीच आवडली.

दुपारी सदा झोपला. मी व्हरांड्यात बसलो होतो. घरमालकीण शालनताई कोळंबी सोलत होत्या आणि वहिनी त्यांना मदत करत होत्या. शालनताईंचा नवरा आदल्या दिवशीपासून होडीवर गेलेला.

"फोन लागतो का त्यांना?" वहिनींनी विचारलं.

"भायर गेल्यार नाय लागना. परत इल्यार पण कधी कधी मुकोच रवता तेचो फोन. तेका म्हायती पण नसता."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करतलंय. वाट बघतंय. कोणाक इचारीत नाय." त्यांनी कोळंबीचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "इचारला की माणसा बरा वाटाचा म्हणान कायव सांगतत."

वहिनींनी हातातलं काम थांबवलं नाही. शालनताई भांडं घेऊन आत गेल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, ती दाणोलीची बाई मला ओळखत नव्हती. तिनं एका दमात सगळं सांगितलं. तुमचा माणूस घाटात हरवलाय, दुसरा शोधायला गेलाय, तो तुमच्याशी खोटं बोललाय ते मी ऐकलंय. असं. मी खुर्ची धरून बसले. पण मग उठले. काय करायचं ते कळलं मला."

त्यांनी पुढची कोळंबी घेतली.

"तुमचं ऐकून बसले असते तर नुसतीच बसले असते."

"तुम्ही घाबराल म्हणून," मी म्हणालो.

"घाबरलेच की. घाबरायचंच होतं ते." त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "दोघांनी मिळून मला काय समजता तुम्ही, ते कळलं. एवढंच."

आवाज चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी फोंडा घाटातून परत येताना त्यांनी मला स्वतःच्या डब्यातला लाडूही दिला. राधानगरीत चहा झाला. तीनला कोल्हापूर. एकूण खर्च दोन दुचाकींचं पेट्रोल, राहणं, जेवण धरून तिघांचा सात हजारांच्या आत.

जाणार असाल तर दोन गोष्टी. आंबोली उतरल्यावर फोनकडे बघा. पट्ट्या नसतील तर रेंज नाही असं धरून चालू नका, विमानाचं चिन्ह एकदा चालू करून बंद करा, नाहीतर फोन बंद करून सुरू करा. दुसरी, दाणोलीचा फाटा. तिथे थांबा.

खरं तर लेख इथे संपवला होता. मग फोटो लावायला बसलो. सदाने त्याचेही पाठवले होते. क्रमाने लावायचे म्हणून वेळा बघितल्या. दाणोलीच्या फाट्यावर मी घेतलेला ढगाचा फोटो अकरा वाजून चार मिनिटांचा. सदाचा त्याच फाट्याचा, त्याच ढगाचा फोटो अकरा दहाचा. ढग जवळजवळ तसाच होता.

आल्यापासून सदा सगळ्यांना सांगत होता की चूक त्याची, तो फोटो काढत मागे राहिला. गल्लीत, शाळेत, वहिनींसमोरही. मी कधी मधे बोललो नाही. वहिनींना फक्त माझं फोनवरचं खोटं माहीत होतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सदा शिकवणीला गेला होता. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. मिसळ अर्धी राहिली तेव्हा मी गप्प बसलो ते, फाट्यावर कोणी थांबायचं हा आमचा नियम, त्या दिवशी पुढे कोण होतं, आणि मी का निघालो. माझा फोन त्यांच्यासमोर ठेवून दोन्ही फोटो दाखवले.

त्यांनी फोटो बघितले. वेळा बघितल्या. बोटावर मोजल्यासारखं केलं.

"सहा मिनिटं," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी ताट पुढे ओढलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मी उठायला लागलो, तेव्हा वर न बघता म्हणाल्या, "बसा. हे येईपर्यंत थांबा. आणि त्यांनाही सांगा."

मी बसलो. सदाला यायला अजून पाऊण तास होता.